वैदू, नांदेड–लातूर परिसरातील

झाडपाला, मुळ्या, साली, बिया इ. वनस्पतिज द्रव्यांच्या साहाय्याने परंपरेने उपचार करणारा लोकवैद्य. ‘वैद्य’ या संस्कृत शब्दाचेच ‘वैदू’ हे लोकरूप होय. तथापि मराठीत वैद्य म्हटल्याने आदर आणि वैदू म्हटल्याने काहीशी अवहेलना सूचित होते. मराठवाड्याच्या आग्नेय भागातील नांदेड व लातूर या जिल्ह्यांत ही संज्ञा दोन अगदी भिन्न प्रकारच्या माणसांना लावली जाते. पहिला, किनवट–माहूरच्या जंगलपट्ट्यात आपल्या गावी स्थायिक असलेला, शेती वा मजुरी करून उपचार जाणणारा वनवासी जाणकार. दुसरा, याच नावाच्या भटक्या जमातीत जन्मलेला, गावोगाव व बाजारोबाजार फिरून औषधे विकणारा व्यावसायिक. पहिल्याचे ज्ञान स्थानाशी बांधलेले, तर दुसऱ्याचे रस्त्याशी. शासकीय कागदपत्रांत, वृत्तपत्रांत व कित्येकदा अभ्यासकांच्या लेखनातही या दोहोंची सरमिसळ झालेली दिसते आणि एकाचे दोष दुसऱ्याच्या माथी मारले जातात.

या भेदामागे प्रथम भूगोल आहे. लातूर जिल्हा बालाघाटच्या पठारावरील काळ्या मातीचा, ज्वारी, तूर व अलीकडे सोयाबीन पिकविणारा प्रदेश असून महाराष्ट्रातील अत्यल्प वनक्षेत्र असलेल्या जिल्ह्यांत त्याची गणना होते. १९८२ पर्यंत तो उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्याचा भाग होता. उलट नांदेड जिल्ह्याचा उत्तर भाग पैनगंगेच्या खोऱ्यातील सागवानी जंगलाने व्यापलेला आहे. किनवट तालुका १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हैदराबाद संस्थानातील, व पुढे हैदराबाद राज्यातील, आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. तेथील गोंड, कोलाम व परधान या जमातींचे नातेसंबंध, देवस्थाने व बाजारपेठा आजच्या तेलंगणाशी आणि पैनगंगेपलीकडील यवतमाळ जिल्ह्याशी जोडलेल्या आहेत. आंध ही मराठी भाषिक जमातही या भागात मोठ्या संख्येने राहते. किनवट परिसरातील गावे पुढे अनुसूचित क्षेत्रात समाविष्ट झाली.

आदिलाबादच्या या मुलखाचा सर्वांत सखोल अभ्यास क्रिस्टोफ फोन फ्यूरर-हायमेनडॉर्फ (१९०९–९५) या मूळच्या ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञाने १९४० नंतरच्या दशकात केला. आदिलाबादच्या राजगोंडांवरील त्याचा ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. गोंडांच्या गावात पूजाविधी करणारा देवारी, कुळाच्या देवाचा पुजारी कटोडा, अंगात संचार होऊन रोगाचे कारण सांगणारा भक्ताल आणि किंगरीच्या साथीवर कुळकथा गाणारा परधान असे निरनिराळे अधिकारी असतात. स्थानिक वनदेवतांची शांती करण्याचे काम मात्र गोंड अनेकदा कोलामांकडे सोपवितात व त्यामुळे कोलामांना ‘पुजारी’ असेच संबोधितात. आर्थिक दृष्ट्या सर्वांत दुबळी असलेली जमात या मुलखाच्या देवतांची मूळ ओळख असलेली म्हणून मानली जावी, ही गोष्ट लक्षणीय आहे. जंगलातील औषधांच्या बाबतीतही हाच न्याय लागू पडतो. जो त्या डोंगरावर आधीपासून राहतो, त्याच्या हाताला गुण असतो अशी ही धारणा आहे.

रोगाचे कारण सांगणारा व रोगावर पाला देणारा हे दोघे एकच असतील असे नाही. पुष्कळदा ते वेगळे असतात आणि रोगी एकाकडून दुसऱ्याकडे जातो. देवाचा कोप, करणी वा पूर्वजांची नाराजी हे आजाराचे ‘का’ होय. ताप, जुलाब, सूज हे त्याचे ‘काय’ होय. पहिल्यासाठी कोंबडे व नारळ, तर दुसऱ्यासाठी मुळी. बाहेरील निरीक्षकांनी या दोन क्रिया एकत्र मोजल्या व सगळ्यालाच जादूटोणा ठरविले, हा अन्याय होय.

जंगलपट्ट्यातील जाणकाराचे शिक्षण लहानपणी गुरे राखताना सुरू होते. बाप, आजा किंवा मामा यांच्यामागे फिरताना झाडाची ओळख पानावरून, सालीच्या वासावरून, चवीवरून व उन्हाळ्यात पान नसताना केवळ खोडाच्या खुणेवरून पटविणे हा त्याचा पहिला टप्पा. कोणते झाड कोणत्या ऋतूत ‘चालते’ हे त्यानंतर समजते, आणि मात्रा सर्वांत शेवटी. औषधी काढण्यासंबंधी अनेक रूढी पाळल्या जातात. आदल्या संध्याकाळी झाडापुढे सुपारी व तांदूळ ठेवून त्यास निमंत्रण द्यावे, पहाटे न बोलता जावे, मुळी काढताना लोखंड लावू नये, काढणाऱ्याची सावली झाडावर पडू देऊ नये, अशा त्या आहेत. त्यांतील काहींचा व्यवहारी उपयोग स्पष्ट आहे. लाकडी खुंट्याने उकरलेली मुळी अर्धीच निघते व उरलेली पुन्हा फुटते; निमंत्रणाचा नियम पाळणारा माणूस एका दिवसात टोपलीभर मुळ्या काढू शकत नाही. औषधाचे मोल घेतले तर गुण येत नाही ही समजूत सार्वत्रिक आहे. बरे वाटल्यावर रोग्याने आणलेला नारळ, धान्य किंवा कापड तेवढे स्वीकारले जाते. औषधाचे नाव उघड केल्यास त्याचा प्रभाव जातो, ही समजूतही तशीच सार्वत्रिक असून ज्ञानाच्या ऱ्हासास ती मोठ्या प्रमाणात कारणीभूत झाली आहे. मुलगा शहरात गेला, बाप गेला, आणि नाव कोणालाच सांगितलेले नव्हते, असे अनेक कुटुंबांत घडले.

औषधी द्रव्ये : वापरातील वनस्पतींपैकी काही सर्वपरिचित आहेत. खोकल्यास अडुळसा, तापास कडुनिंबावर चढलेली गुळवेल, सुजेवर निर्गुडीचा शेक, जंतांवर पळसाच्या बिया, काटा मोडल्यास रुईचा चीक ही घरगुती औषधे होत. त्यांसाठी वैदूची गरज नसते. वैदूचे कौशल्य दिसते ते फसव्या वा धोक्याच्या वनस्पतींत. उदा., कुडा. पांढऱ्या कुड्याची साल व त्याचे कडू इंद्रजव आवेवर पूर्वापार वापरले जातात. या सालीतील कोनेसीन हे अल्कलॉइड अमीबाजन्य आवेवर परिणामकारक असल्याचे आढळल्याने आधुनिक वैद्यकानेही एके काळी त्याचा वापर केला. काळा कुडा दिसण्यास पुष्कळसा सारखा, परंतु त्याच्या बिया, गोडे इंद्रजव, तितक्या गुणकारी नाहीत. बाजारात हे दोन्ही सर्रास मिसळले जातात. जंगलातला माणूस शेंगांच्या जोडीवरून व फुलावरून झाड वेगळे करतो व शेंगा नसतील तर थांबतो.

बिब्बा हे दुसरे उदाहरण. सेमेकार्पस ॲनाकार्डियम असे शास्त्रीय नाव असलेल्या या झाडाच्या फळातील काळे तेल त्वचेस लागले तर फोड येतात. यालाच बिब्बा ‘उतणे’ म्हणतात. तरीही टाचेच्या भेगा, लचक, सांध्यांचे दुखणे यांवर मराठवाड्यात बिब्ब्याचा चटका सुईच्या टोकाने देण्याची चाल घरोघर होती. धोबी याच तेलाने कपड्यांवर खुणा करीत. किती व कोणास द्यावयाचा, कोणाच्या अंगाला तो मुळीच सोसत नाही, हे ओळखण्यात जाणकाराची कसोटी लागते. चांगल्या कामात ‘बिब्बा घालणे’ हा वाक्प्रचार या तेलाच्या स्वभावाची आठवण ठेवून आहे. कळलावीचा कंद याहून घातक. अडलेल्या बाळंतिणीच्या अंगाला तो बांधला किंवा लेप दिला की कळा येतात या समजुतीवरून त्या वेलीस हे नाव मिळाले, आणि भांडणे लावणाऱ्या व्यक्तीसही पुढे तेच चिकटले. या कंदात कोल्चिसीन हे तीव्र विष असते. तो पोटात देऊ नये आणि प्रसूती होताच अंगावरून तत्काळ काढून टाकावा, हे दंडक परंपरेनेच घालून दिले आहेत. विषाचे ज्ञान येथे औषधाच्या ज्ञानापूर्वी आले असले पाहिजे.

ही परंपरा अनादी व अपरिवर्तनीय असल्याचे तिचे पुरस्कर्ते सांगतात, ते मात्र खरे नाही. नांदेड–लातूरच्या कोणत्याही बांधावर शेतमजुरास विळा लागला तर तो ज्या पाल्याचा रस जखमेवर पिळतो, तो दगडी पाला अथवा एकदांडी, शास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकंबेन्स, मूळचा उष्णकटिबंधीय अमेरिकेतील आहे. चरक–सुश्रुतांना तो माहीत असणे शक्य नव्हते. बाहेरून आलेले हे तण कोणीतरी प्रथम जखमेवर लावून पाहिले, ते टिकले, आणि त्याला मराठी नावे मिळून ते ‘आजोबांचे औषध’ झाले. म्हणजे वैदू हा केवळ जतन करणारा नसून प्रयोग करणाराही होता.

भटके वैदू : वैदू ही जमात महाराष्ट्रात भटक्या जमातींत गणली जाते. तिची घरगुती बोली तेलुगूशी संबंधित असून झोळीवाले, चटईवाले, दाढीवाले असे तिचे पोटविभाग नोंदले गेले आहेत. पुरुष खांद्यावर कावड वा झोळी घेऊन मुळ्या, भस्मे, तेले विकीत. तुंबडी लावून ‘नासके’ रक्त काढीत. कानातला मळ व दातांतला कथित किडा काढीत. स्त्रिया सुया, दाभण, मणी, पोत विकीत व त्या निमित्ताने घरातील बायकांच्या दुखण्यांची चौकशी करीत. स्त्रियांच्या आजारांविषयीचे वैदूंचे ज्ञान बहुतांशी या सुई-दोऱ्याच्या व्यापारातून आलेले आहे. तुंबडी पूर्वी शिंगाची किंवा भोपळ्याची असे. परक्याच्या जिवावर धन जमविणाऱ्यास ‘तुंबड्या भरणारा’ म्हणण्याची मराठीतील रूढी या जमातीविषयी समाजाला वाटणारा अविश्वास व्यक्त करते. तो सर्वस्वी निराधार नव्हता. आज इथे व उद्या तिथे राहणाऱ्या विक्रेत्याला औषध लागू न पडल्याचा जाब कोणी विचारीत नाही. गावातल्या जाणकाराला तो रोज विचारला जातो.

या फिरस्तीला ठरावीक वर्तुळ होते. नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यातील माळेगाव येथे मार्गशीर्षाच्या अखेरीस भरणारी खंडोबाची यात्रा हे भटक्यांचे मोठे मीलनस्थान; घोडे, गाढवे व उंट यांच्या बाजाराशेजारी जडीबुटीच्या पथाऱ्या पसरल्या जात आणि जमातींच्या जातपंचायतीही तेथे बसत. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील मढी येथील कानिफनाथाची यात्रा वैदूंच्या पंचायतीसाठी विशेष प्रसिद्ध होती. पंचायतींच्या दंड व बहिष्काराच्या सत्तेस २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने आळा बसला. वैदूंच्या व्यवसायावर त्याआधीच मोठा आघात झाला होता, तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने. घोरपडीचे तेल, अस्वलाचे केस, मृगशृंग यांची विक्री गुन्हा ठरली. प्राणिज द्रव्यांवरील बंदी योग्यच होती. तथापि त्यानंतर उरलेल्या झोळीत पुष्कळदा शहरातील घाऊक दुकानातून आणलेल्या मुळ्या असत, ज्यांचे झाड विक्रेत्याने कधी पाहिलेले नसे.

मर्यादा : कावीळ, सर्पदंश व विंचूदंश या तीन दुखण्यांत लोकवैद्याची कीर्ती सर्वाधिक आणि आधार सर्वांत कमी आहे. विषाणुजन्य कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप बरी होते. काटक्यांच्या तुकड्यांची माळ डोक्यावर ठेवली असता ती दिवसेंदिवस ‘वाढत’ गळ्यापर्यंत, मग छातीपर्यंत येते व कावीळ उतरल्याचे मानले जाते. वास्तविक काटक्या वाळून दोऱ्याचे फास सैल होत जातात. तेल-तूप वर्ज्य करून पडून राहण्याचे पथ्य निदान निरुपद्रवी. सर्पदंशात तसे म्हणता येत नाही. शेतात आढळणारे बहुतेक साप बिनविषारी असल्याने मंत्राला यश येते व त्याच विश्वासाने नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे चावलेला रोगीही मांत्रिकाच्या ओट्यावर आणला जातो. प्रतिविष मिळण्याची वेळ तेथे निघून जाते. विंचूदंशावर आघाड्याची मुळी प्रसिद्ध आहे. लाल विंचवाच्या विषाने हृदय निकामी होऊन होणारे मृत्यू प्राझोसिन या औषधाने टाळता येतात, हे मूळचे जालना जिल्ह्यातील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडच्या परिसरातील रुग्णांवरून दाखविले व १९८६ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. दंश झालेल्या माणसास वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरविले आहे.

ग्रंथस्थ वैद्यक व लोकवैद्यक यांचे नाते चरकसंहितेतच सांगितलेले आढळते. औषधींची नावे व रूपे शेळ्या-मेंढ्या राखणारे, गुराखी व इतर वनवासी जाणतात, असे तेथे म्हटले असून नाव व रूप जाणण्यापेक्षा उपयोजन जाणणारा श्रेष्ठ, अशी पुस्ती जोडली आहे. वैद्याने गुराख्याकडून शिकावे, पण गुराखी वैद्य नव्हे, ही श्रेणी अशा रीतीने फार जुनी आहे. निजामी राजवटीत युनानी वैद्यकास राजाश्रय लाभल्याने नांदेड, कंधार, उदगीर यांसारख्या गावांत हकिमांची परंपरा नांदली. आज नांदेड येथे शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे. जंगलातल्या जाणकाराला मात्र यांपैकी कोणत्याही व्यवस्थेत जागा मिळाली नाही. वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याची दखल तुलनेने अधिक घेतली. व्ही. एन. नाईक यांचा उस्मानाबाद जिल्ह्याच्या वनश्रीवरील ग्रंथ १९७९ मध्ये निघाला, तेव्हा लातूरचा प्रदेश त्यातच अंतर्भूत होता. संपूर्ण मराठवाड्याच्या वनश्रीवरील त्यांचे खंड १९९८ मध्ये आले. या ग्रंथांमुळे स्थानिक वनस्पतींना निश्चित शास्त्रीय ओळख मिळाली आणि एकाच नावाच्या दोन झाडांतला गोंधळ दूर करता येऊ लागला.

अशा ज्ञानाला राष्ट्रीय वारसा मानण्याचे उदाहरण दक्षिण अमेरिकेत सापडते. पेरू देशातील उकायाली नदीच्या काठी राहणाऱ्या शिपिबो-कोनिबो जमातीत वैद्यास ‘ओनान्या’, म्हणजे जाणता, म्हणतात. तो ‘इकारो’ नावाची गीते गाऊन उपचार करतो व ती गीते त्याला वनस्पतींनीच शिकविली असे मानले जाते. शिकाऊ वैद्य महिनोन्‌महिने मीठ, मसाले व शरीरसंबंध वर्ज्य करून एकेका वनस्पतीचे सेवन करतो. आपल्याकडे पथ्य रोग्याने पाळावयाचे असते. तेथे ते प्रथम वैद्याने पाळावयाचे. आयाहुआस्का या वेलीच्या काढ्याविषयीचे आदिवासींचे पारंपरिक ज्ञान व वापर यांना पेरू शासनाने २००८ मध्ये राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून घोषित केले. त्या प्रसिद्धीने परदेशी प्रवाशांचे लोंढेही आणले. किनवटच्या जाणकारावर तो प्रसंग आलेला नाही. त्याच्या अडचणी वेगळ्या आहेत.

पहिली अडचण जंगलाची. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैदराबाद संस्थानात राखीव वनांच्या सीमा आखल्या गेल्या, तेव्हा गोंड व कोलामांच्या वस्त्या उठविल्या गेल्या. कुमरम भीमच्या नेतृत्वाखालील उठाव व जोडेघाट येथील १९४० चा गोळीबार याच असंतोषातून उद्भवला. आपल्याच डोंगरावरची मुळी काढणे चोरी ठरल्यावर ती काढण्याचे नियमही विस्मृतीत जातात. सफेद मुसळीसारखे कंद व्यापाऱ्यांसाठी खणून काढणाऱ्या मजुरास झाडाला निमंत्रण देण्याइतकी सवड नसते. २००६ च्या वनहक्क कायद्याने जैवविविधतेपर्यंत पोहोचण्याचा व तिच्याशी निगडित पारंपरिक ज्ञानावरील सामूहिक हक्क मान्य केला आहे.

दुसरी अडचण कायद्यातील त्याच्या स्थानाची. महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ अन्वये नोंदणीशिवाय वैद्यकीय व्यवसाय करणे गुन्हा आहे. तोतया डॉक्टरांविरुद्धच्या मोहिमांत सलाइन लावणारा भोंदू आणि सालीचा काढा देणारा म्हातारा यांस वेगळे काढण्याची सोय त्यात नाही. उलट जैविक विविधता अधिनियम, २००२ ने वैदू व हकीम यांचा उल्लेख करून वनस्पती वापरण्याची मुभा त्यांना दिली. म्हणजे एका कायद्याने त्याला औषधी गोळा करता येते व दुसऱ्याने ती देता येत नाही.

तिसरी अडचण मालकीची. जखमेवर हळद वापरण्याबद्दल अमेरिकेत १९९५ मध्ये एकस्व दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले व १९९७ मध्ये ते रद्द झाले. लढा जिंकता आला, कारण हळदीचा हा उपयोग छापील ग्रंथांत सापडत होता. त्यानंतर २००१ मध्ये सुरू झालेले पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालयही आयुर्वेद, युनानी, सिद्ध इ. शाखांच्या ग्रंथांवरूनच रचले गेले. ज्या वैदूचे ज्ञान कोणत्याही पोथीत नाही, त्याचा त्यात समावेश नाही. जैविक विविधता अधिनियमातील २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध ज्ञान वापरणाऱ्यांना लाभवाटणीतून सूट दिली. ग्रंथाबाहेरचे ज्ञान त्या सवलतीत येत नाही. त्यामुळे एखादे औषध पोथीतले की किनवटच्या एखाद्या कोलाम पोडावरचे, या प्रश्नाला प्रथमच आर्थिक महत्त्व आले आहे. त्याचा पुरावा म्हणून ग्रामपंचायत स्तरावरील लोकजैवविविधता नोंदवह्यांकडे पाहिले जाते. या वह्यांत वनस्पतीचे स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, उपयुक्त भाग व उपयोग असे रकाने भरावयाचे असतात. नाव सांगितल्याने गुण जातो असे मानणाऱ्या माणसाला नोंद घेणाऱ्यासमोर बसून पहिलाच रकाना भरून द्यावा लागतो.